शेजारच्याचं नाव



मी सॉफ्टवेअरवाला, मास्तर नाही. पण पहिलीतला पहिला दिवस अजून आठवतो. हजेरीत माझं नाव आलं आणि वर्ग हसला. पुढची चार वर्षं मी नुसता ‘मियाँ’ होतो.

म्हणून सांगतो, शाळा उघडली की पोरांना गोलात बसवा. जोडीजोडीनं दोन मिनिटं बोलू द्या. मग प्रत्येकानं शेजारच्याचं नाव आणि त्याच्या आवडीची एक गोष्ट सांगायची. नाव चुकलं तर ज्याचं आहे त्यानं दुरुस्त करायचं, सगळ्यांनी पुन्हा म्हणायचं. दुसरा खेळ ‘शोधा पाहू’: सायकल कोणाला येते? कोणाच्या घरी बकरी आहे? ठेचा कोणाला आवडतो? दर उत्तराला नवा सोबती शोधायचा. आडनाव विचारायचं नाही.

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं गुरुकुंज आश्रम उभारला. सामुदायिक प्रार्थनेला सगळ्यांना एकत्र बसवलं. आपल्या बऱ्याच गावांत मात्र मराठी शाळेतली आणि उर्दू शाळेतली पोरं एकमेकांना नावानं ओळखत नाहीत. गुरुजींना भेटा, एका शनिवारचा तासभर मागा आणि दोन्ही शाळांना एका गोलात बसवा.