भंगारातला लेथ



ह्या व्यासपीठावर काल संतवाङ्मय झाले, परवा अर्थकारण झाले. आज भंगार आहे. चालकांनी आम्हांस कामगार चळवळीवर बोलावयास सांगितले होते. आम्ही विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो हसत हसत दिला. आमचे शाळेतले शिक्षण नववीशी संपले. पुढचे सारे कारखान्यांच्या फाटकांवर आणि रात्रीच्या वाचनात झाले, तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

गोष्ट अशी की, गेल्या दोन वर्षांत आम्ही पाचसहा जणांनी बल्लारपुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ तयार केला. आपल्याकडे त्यास खराद म्हणतात. कुंभाराचे चाक आडवे पाडले आहे अशी कल्पना करा. मातीऐवजी लोखंड फिरते आणि बोटांऐवजी एक धारदार हत्यार त्याला कापत जाते. ट्रॅक्टरचा पिन, भातगिरणीचा शाफ्ट, पंपाची बुशिंग, जे जे गोल आहे ते ते कधीतरी लेथवरून उतरलेले असते. आमच्या लेथचे मुख्य भाग मोटारगाड्यांच्या निकामी पिस्टनांचे अल्युमिनियम वितळवून ओतलेले आहेत.

ही युक्ती आमची नव्हे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी डेव्हिड गिंगेरी नावाचे गृहस्थ होते. 1980 पासून त्यांनी लहान लहान पुस्तकांची एक माला लिहिली. पहिले पुस्तक कोळशाच्या भट्टीचे, दुसरे लेथचे; मग शेपर, मिलिंग मशीन, ड्रिल असे एकातून एक. भट्टी असली की लेथचे भाग ओतता येतात आणि लेथ असला की पुढच्या यंत्राचे भाग कातता येतात. बादलीभर भट्टीपासून निघालेला माणूस अखेर आख्ख्या वर्कशॉपपाशी पोहोचतो. एका तरुण सोबत्याने ती पुस्तके मिळवली, आणि आम्ही शब्दकोश जवळ घेऊन ती वाचली.

अल्युमिनियमच का, असे कोणी विचारील. कारण ते 660 अंशांवर वितळते. बिडास साडेअकराशेच्या वर न्यावे लागते. ते घरच्या भट्टीचे काम नव्हे. अल्युमिनियमला एक लोखंडी बादली, तिला आतून अग्निमातीचे अस्तर, लाकडी कोळसा आणि खालून वारा देणारा लहानसा पंखा एवढे पुरते. मात्र भंगार पारखून घ्यावे लागते. शीतपेयांचे डबे पातळ असतात, त्यांची निम्मी राख होते. विजेच्या तारेचे अल्युमिनियम शुद्ध असते, पण साच्यात नीट धावत नाही आणि थंड होताना तडकते. पिस्टनमध्ये सिलिकॉन मिसळलेले असते, म्हणून ते पाण्यासारखे कोपऱ्याकोपऱ्यांत शिरते. आमच्या शेडबाहेर पिस्टनांचा ढीग पाहून शेजारच्या बाई म्हणाल्या, “कायले जमा करता हे, भाऊ? विकून टाका ना!”

ओतकामाचे वर्णन लांबवीत नाही. लाकडाचा नमुना करायचा, शंभर मिलिमीटरला सुमारे सव्वा मिलिमीटर मोठा, कारण थंड होताना धातू आकसतो. दोन पेट्यांत वाळू ठोकून त्याचा ठसा घ्यायचा. वाळूत थोडी चिकणमाती आणि अगदी थोडे पाणी. मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटावेत आणि मोडली की स्वच्छ मोडावी, ही तिची परीक्षा. आमच्यातला एक जण आयुष्यभर घरे लिंपणाऱ्या आईचा मुलगा. वाळूचे मर्म त्याला आमच्या आधी कळले.

पण पाण्याविषयी थांबून बोलले पाहिजे. तरुणपणी आम्ही एका ठेकेदाराच्या ओतशाळेत होतो. पावसाळ्याचे दिवस. बाहेर भिजत पडलेला तुकडा कोणी तसाच वितळलेल्या धातूत टाकला. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ धातू उडवते. आमच्या जोडीदाराचे दोन्ही पाय पोळले. त्याच्या पायांत रबरी चपला होत्या. नुकसानभरपाईच्या वेळी तो हजेरीपटावर नाही असे निघाले. आमचा युनियनचा जन्म तिथला. म्हणून शेडमध्ये आमचा नियम आहे: प्रत्येक तुकडा आणि प्रत्येक पळी आधी भट्टीच्या काठावर तापवायची, ओतताना खाली कोरडी वाळू असावी, काँक्रीटची जमीन कधीही नको, कारण तिच्यातही ओल असते. ज्याच्या पायांत चामडी बूट नाही तो बाहेर उभा राहतो. हा नियम आम्ही कोणाच्याही भिडेखातर मोडीत नाही.

आता ज्यासाठी हा विषय मागून घेतला तिकडे येतो. ओतलेला भाग ओबडधोबड असतो. त्यातून सरळ, सपाट यंत्र कसे निघते? सरळ यंत्र करायला आधी सरळ यंत्र हवे, मग पहिले कोठून आले? ह्या कोड्याने आम्हांस वीस वर्षे छळले. ज्या मशीनवर आम्ही उमेदीची वर्षे घालवली ते आभाळातून पडल्यासारखे वाटे. मालकाने आणले, मालकाचे आहे, आणि आपण त्याला जोडलेला एक हात आहोत.

उत्तर पाहिले तेव्हा आम्हांस हसू आले. तीन पाट्या घ्या. पहिलीला निळा रंग फासून दुसरीवर घासा. रंग लागेल तो उंचवटा, तो हाताने खरवडा. पुन्हा घासा, पुन्हा खरवडा. दोन पाट्या एकमेकींस तंतोतंत बसतील, परंतु तेवढ्याने त्या सपाट झाल्या असे होत नाही. एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी त्या बसतातच. म्हणून तिसरी हवी. तिन्ही जेव्हा आळीपाळीने एकमेकींस बसतात, तेव्हा फुगवट्याला लपायला जागा उरत नाही. इंग्रज कारागीर जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनी 1840 मध्ये ही रीत विद्वानांच्या सभेत मांडली. तिला लागतो हात, डोळा आणि धीर. मोठमोठ्या कारखान्यांची अचूकता पिढ्यान्‌पिढ्या मागे नेत गेलो की शेवटी खरवडणारा एक हात सापडतो.

आमच्या बेडवर पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत, कारण अल्युमिनियम मऊ आहे आणि झिजते. त्या पट्ट्या खाली नीट टेकाव्यात म्हणून खरवडण्यातच दोन महिने गेले. आमच्यातला सर्वांत उतावळा पोरगा, ठेकेदाराने कामावरून काढलेला, त्या दोन महिन्यांत शांत झाला. का, ते त्याला विचारा. आम्हांस ठाऊक नाही.

महाराष्ट्रात हे धाडस नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईस गेले आणि यंत्रांत रमले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवीत. हक्काची बढती गोऱ्या रक्ताच्या माणसास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलचे दुकान सांभाळले. तेथून कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर विकता विकता दोन वर्षे गेली. 1910 साली औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि 1941 मध्ये त्याच घराण्याने हरिहर येथे लेथ बनवणारी कंपनी काढली. ते मालक होते आणि आम्ही कामगारांचे. पण यंत्र आपल्या हाताने होऊ शकते हे ज्याने दाखवले त्याचे ऋण आम्ही मानतो. अलीकडे पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढून खेड्यातल्या मुलांना करता करता शिकण्याची वाट दाखवली.

आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहा. इथला कोळसा जातो, बांबू जातो, सुरजागडचे लोहखनिज जाते. यंत्रे लुधियाना, बटाला, राजकोटहून येतात. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद पडे, तेव्हा एका मोडक्या शाफ्टासाठी गिरणी किती दिवस उभी राहात असेल, हे तिथल्या माणसास सांगावे लागत नाही.

आता आमच्याच लोकांचे आक्षेप. पहिला असा: “नागपूरले सेकंडहँड लेथ मिळते, कायले एवढा उपद्व्याप?” खरे आहे. आमच्या मेहनतीचे तास मजुरीच्या दराने मांडले तर जुना बिडाचा लेथ स्वस्त पडतो, आणि तो दणकटही असतो. अल्युमिनियमचा बेड लवचिक, जाड काप घेतला की थरथरतो. बीड ती थरथर पोटात घेते. ज्याला उद्यापासून धंदा करायचा आहे त्याने खुशाल जुना लेथ घ्यावा.

दुसरा आक्षेप आमच्या सोबत्यांचा आहे आणि तो जिव्हारी लागणारा आहे. युनियनच्या माणसाने कामगाराला संघटना शिकवावी की छोटा मालक होण्याची विद्या? शेड टाकून बसलेला माणूस मोर्चाला येईल का? ह्यावर आमच्यात कडाक्याचे भांडण झाले आहे आणि ते मिटलेले नाही. आम्हांस एवढेच दिसते की, ठेकेदार ज्याला उद्या येऊ नकोस म्हणतो, त्या माणसाची भीती थोडी कमी झाली तर तो सभेत उठून बोलतो. त्या उतावळ्या पोराने परवा फाटकावर पहिले भाषण केले. वाईट केले, पण केले. सोबती म्हणतात, एकावरून सिद्ध होत नाही. तेही खरे.

लेथ अजून पुरा झालेला नाही. आटे पाडण्यासाठी लागणारा लांब स्क्रू आम्ही बाजारातल्या आटेदार सळईचा बसवला आहे. ती अचूक नाही, तिची चूक आमच्या प्रत्येक आट्यात उतरते. ती चूक मोजून, हळूहळू दुरुस्त करून, ह्याच लेथवर चांगला स्क्रू कापायचा आहे. पाऊस लागण्यापूर्वी हे व्हायला हवे, कारण शेड गळते. रविवारी सकाळी आम्ही तेथेच असतो. यावयाचे असल्यास बूट घालून यावे.