माती उकरताना



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण मंडळाच्या वाढदिवसाला काहीतरी बोल, असा आग्रह झाला, म्हणून घरातलीच एक गोष्ट सांगते.

माझे माहेर तेरणेकाठचे. घर माळवदाचे. पावसाळ्याच्या आधी गावच्या पांढरीची माती आणून माळवदावर पसरायची, म्हणजे घर गळत नसे. मी दहाएक वर्षांची असताना अशीच गाडीभर माती आली. तीत मला तांबडे-निळे मणी आणि शंखाच्या बांगडीचा तुकडा सापडला. मणी मी बाहुलीच्या गळ्यात घातले, पुढे हरवले. एक गुळगुळीत मडकेही निघाले होते, ते फावड्याने फुटले. “जुनी खापरे ती, टाक उकिरड्यावर,” आई म्हणाली. तिला तरी कोणी सांगितले होते?

लग्नानंतर बार्शीहून तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेले, तेव्हा तिथले वस्तुसंग्रहालय पाहिले. काचेच्या आड तसेच मणी, तशाच बांगड्या! माझ्या काळजात चर्र झाले. तेर म्हणजे जुने तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि पुढे जहाजात चढे. तिथल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक बाहुली १९३८ साली इटलीतल्या पाँपेई गावी निघाली. ते गाव इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतःचा पैसा खर्चून हजारो वस्तू जमवल्या, म्हणून आज त्या आपल्याला दिसतात.

पण वस्तू जपली म्हणजे सगळे जपले, असे नाही. १९७४ साली दायमाबादला झाडाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार मोठ्या धातूच्या वस्तू मिळाल्या. त्या आज जगप्रसिद्ध आहेत. परंतु शास्त्रीय उत्खननात, मातीच्या थरात निघाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत अजून मतभेद आहेत. वस्तूचे वय तिच्याभोवतीची माती सांगते. माती हलली की साक्षीदार गेला.

इंग्लंडात खाणीची वरची माती काढताना यंत्राजवळ जाणकार माणूस उभा ठेवण्याची अट पुष्कळदा घालतात. आपल्याकडे मुरमाच्या प्रत्येक खाणीवर असा माणूस कुठून येणार? पण पाटी उचलणारी बाई तिथे असते, बांधावरून जाणारी बाई असते. तिने डोळे उघडे ठेवावेत. राखेचा थर, जुन्या विटा, खापरे, मणी दिसले तर जेसीबी थांबवायला सांगावे. वस्तू जागची हलवू नये. फोटो काढून तहसील कचेरीत कळवावे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरांना कळवलेच पाहिजे, असा १८७८ सालापासून कायदाच आहे.

धान्य निवडताना बारीकसा खडा आपल्या नजरेतून सुटत नाही. तीच नजर मातीवर ठेवू या. माझे मणी गेले ते गेले. तुमच्या लेकींचे तरी जाऊ नयेत.