स्वमग्न मूल आणि शेजारपाजार

मुलाला बोलायला उशीर होऊ लागला, की आपल्या घरांतून एक ठराविक दिलासा दिला जातो. 'याचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते; आज पाहा, वकिली करतात!' हा दिलासा नेहमीच खोटा ठरतो असे नाही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे उत्तम बोलतात. परंतु बोलणे आणि संवाद साधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि वडीलधाऱ्यांचे लक्ष बहुधा पहिलीकडेच असते. दीड वर्षाचे मूल शब्द उच्चारीत नसले, तरी खिडकीत कावळा दिसताच बोट दाखविते, आणि आईनेही तो पाहिला की नाही, हे मागे वळून तिच्या मुद्रेवर वाचते. हे बोट दाखविणे, नावाने हाक मारताच वळून पाहणे ज्या मुलात आढळत नाही, किंवा आलेले शब्दही जे मूल गमावून बसते, त्याच्या बाबतीत काकांचा दाखला पुरेसा नाही. त्याला विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखविले पाहिजे.

या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण थोडासा फसवा आहे. हे मूल एखाद्या योग्याप्रमाणे स्वतःत रमलेले असते, अशी त्यामुळे समजूत होते. वस्तुतः जगाचा गलबला त्याच्यापर्यंत पोहोचत नाही असे नसून, कित्येकदा तो फार अधिक पोहोचतो. कुकरची शिटी आपल्याला ऐकू येते. त्याला ती बोचते.

1943 साली लिओ कॅनर या वैद्याने अमेरिकेत अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरची दोन-तीन दशके मातांना फार जाचक गेली. आईच्या मायेला ऊब नसल्यामुळे मूल असे होते, हे मत विद्वानांच्या तोंडी होते. 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा एका मुलाचे वडील होते, हे मत ग्रंथरूपाने खोडून काढले. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील भेद असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता निर्विवाद आहे. जगात साधारणपणे शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असे असते. शास्त्राने मातेची निर्दोष मुक्तता केव्हाच केली. वाड्यातील, चाळीतील आणि वसाहतींतील निकालपत्राची दुरुस्ती मात्र अद्याप व्हायची आहे.

आता वर्तनोपचाराकडे वळू. नाव भारदस्त असले तरी त्यातील मूळ विचार साधा आहे. प्रत्येक वर्तनाच्या आधी काहीतरी घडलेले असते आणि नंतरही काहीतरी घडते. या दोहोंकडे नीट पाहावे. समजा, एक चार वर्षांचे मूल स्वयंपाकघरात येऊन किंचाळते. आई पाणी देते, बिस्किट देते, शेवटी वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा काढते, आणि मूल शांत होते. आईच्या दृष्टीने संकट टळलेले असते. मूल मात्र एवढे शिकलेले असते, की डबा हवा असेल तर किंचाळावे. त्याच्यापाशी दुसरी भाषाच नाही! उपचारक अशा वेळी किंचाळण्याला शिक्षा करीत नाही. तो त्याच्या हाती दुसरे साधन देतो: डब्याकडे बोट करणे, किंवा डब्याचे चित्र असलेले कार्ड आईच्या हातात ठेवणे. कार्ड हाती येताच चिवडा मिळतो, तत्क्षणी आणि दर वेळी. सदरा घालणे, दात घासणे अशी कामेही बारीक पायऱ्यांत विभागून, प्रत्येक पायरीचे कौतुक करीत शिकविली जातात.

या उपचाराचा इतिहास निष्कलंक नाही, हेही सांगितले पाहिजे. इव्हार लोव्हास यांनी 1987 साली जाहीर केले, की आठवड्याला 40 तास शिकविलेल्या 19 मुलांपैकी 9 मुले सामान्य शाळेत इतरांच्या बरोबरीने बसू लागली. त्या बातमीने जगभर आशा पालवली. पुढील अभ्यासांत इतके लखलखीत यश सहसा दिसले नाही. शिवाय याच लोव्हास यांनी 1960 च्या दशकात मुलांवर विजेच्या धक्क्यांचाही प्रयोग केला होता. लहानपणी असे उपचार सोसलेली माणसे आज प्रौढ झाली आहेत, आणि आम्हाला इतरांसारखे दिसायला लावण्यात आमचे बालपण गेले, असे त्यांतील कित्येकजण सांगतात. माझ्या मते ही साक्ष उपचारकाच्या प्रशस्तिपत्रकापेक्षा वजनदार मानावी. मूल आनंदाने हात फडफडवीत असेल तर ते थांबविण्याचे कारण नाही. ते डोके आपटत असेल, तर आधी त्याचा दात किंवा कान दुखत नाही ना, हे पाहावे.

आपल्या देशात प्रशिक्षित उपचारक थोडे, तेही बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणून गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला, 2016 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला मोलाचा वाटतो. काटेकोर अर्थाने तो वर्तनोपचार नव्हता. आईवडिलांनी मुलाचे संकेत ओळखावेत आणि त्यांना प्रतिसाद द्यावा, हे शिकविण्याचा तो उपक्रम होता. दोन ते नऊ वर्षांची 65 मुले त्यात होती. त्यांपैकी निम्म्यांच्या पालकांना हे शिकविले ते तज्ज्ञांनी नव्हे, तर तयार केलेल्या साध्या आरोग्यसेवकांनी. त्या घरांत आईवडिलांचे मुलाशी सूर अधिक जुळले, आणि मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली.

दिल्ली, इंदूर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना आणखी एक सल्ला वारंवार मिळतो. घरी मराठी आणि बाहेर दुसरी भाषा, म्हणून मूल गोंधळले. तेव्हा मराठी सोडा. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे अधिक मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. आजी ज्या भाषेत त्याला जोजवते, ती भाषा त्याच्यापासून काढून घेऊ नये.

आणि शेजारी? उपचाराच्या खोलीत शिकलेले मूल दारापलीकडे तेच करील अशी खात्री नसते. ते कार्ड वाण्यानेही ओळखावे लागते, त्याच्यापुढे क्षणभर थांबावे लागते. आगगाडीच्या डब्यात रडणाऱ्या मुलाच्या आईला 'काही वळण लावले नाही का?' असे विचारले जाते, तेव्हा पुढच्या खेपेस ती आई त्याला घरीच ठेवते, आणि मुलाचा एक वर्ग बंद होतो.

1995 च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला स्वतंत्र स्थान दिले. जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे जाताना मुलाच्या घरातील वागण्याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण भ्रमणध्वनीवर करून न्यावे. अनोळखी खोलीत मूल जसे वागते, तसे ते घरी वागत नसते.