कामाचे तास आणि वाटेचे तास



कामगार चळवळीतल्या माणसाने आरोग्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माझा मुद्दा वैद्यकाचा नाही, हिशेबाचा आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. हे तास कशासाठी मिळवले? विश्रांतीसाठी, मुलाबाळांसाठी. गिरणगावातला कामगार भोंगा ऐकून घराबाहेर पडे आणि पायी गिरणीत पोचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, आणि कष्टकरी माणूस कल्याण, बदलापूर, विरारकडे सरकला. काम मात्र बरेचसे शहरातच राहिले.

आता हिशेब करा. जाताना दोन तास, येताना दोन तास, वर्षाचे ३०० दिवस. झाले १,२०० तास! आठ तासांचा दिवस धरला तर कामाचे १५० दिवस. त्यांची मजुरी कोणी देत नाही. किंमत मात्र शरीर मोजते. पहाटे चारला उठून डबा करणारी बाई रात्री अकराला पाठ टेकते. लोकलच्या डब्यात शौचालय नसते, म्हणून ती दिवसभर पाणी पिणेच टाळते. मग मूत्रमार्गाचे दुखणे मागे लागते. उभ्याउभ्या कंबर जाते, अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो, आणि घरी पोचलेल्या बापापाशी मुलाशी बोलायला त्राण उरत नाही.

९ जून २०२५ रोजी, सोमवारी सकाळी, दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले. निदान चौघे प्राणास मुकले.

कामाशी संबंध दाखवता आला, तर घर ते काम या वाटेवरचा अपघात कामावरचाच मानावा, अशी दुरुस्ती राज्य विमा कायद्यात २०१० साली झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते तत्त्व घेतले. म्हणजे वाटेवरचे मरण कायद्याला कामाचे वाटते. वाटेवरची रोजची झीज मात्र अजून कामगाराच्याच खात्यावर!

म्हणून माझे सांगणे आहे की, यापुढे मागणीपत्रात पगाराच्या शेजारी वाटेचे तासही लिहा. कचेऱ्यांच्या वेळा पुढेमागे करा, स्थानकांवर स्वच्छ शौचालये द्या, कामाजवळ परवडणारी घरे बांधा. आठ तासांचा दिवस आपल्या वडीलधाऱ्यांनी भांडून मिळवला. तो गाडीच्या दारात आपण गमावता कामा नये.