उघड्या आकाशातील गुप्त व्यवहार

१९३५ साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक छोटेसे प्रक्षेपण केंद्र उभारले. त्या केंद्राचे नाव होते ‘आकाशवाणी’. पुढे हेच नाव आपल्या राष्ट्रीय नभोवाणीने धारण केले, हे आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. नभोवाणीचा धर्मच असा, की तेथे उच्चारलेला शब्द ज्याच्यापाशी यंत्र आहे त्या प्रत्येकाच्या घरी पोहोचतो. त्यात खाजगी असे काही नसते, आणि असूही नये.

आज त्याच म्हैसूरमध्ये दसऱ्याच्या दिवसांत एखाद्या लॉजमध्ये उतरलेला प्रवासी आपला मोबाईल उघडतो, तेव्हा बोळातल्या भिंतीवर टांगलेली वायफायची पेटी हे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच असते. तिच्या लहरी भिंतीपलीकडच्या खोलीत जातात, खाली चहाच्या दुकानातही जातात. आणि याच लहरींवरून हा प्रवासी आपल्या बँकेशी बोलू पाहतो. सर्वांना ऐकू जाणाऱ्या आकाशातून एकानेच ऐकावयाची गोष्ट कशी पाठवावी, हा येथे खरा प्रश्न आहे.

कोल्हापूरहून जंबू सवारी पाहावयास आलेला एक निवृत्त शिक्षक कल्पावा. पुतण्याच्या प्रवेशाचे शुल्क त्याला त्याच संध्याकाळी भरावयाचे आहे. खात्यात उभ्या जन्माची पुंजी आहे. पुण्याची मुलगी फोनवर बजावते, “बाबा, लॉजच्या वायफायवरून बँकेचं काही करू नका. करायचंच झालं, तर आधी व्हीपीएन लावा.” शेजारच्या खोलीतला बेळगावचा तरुण ते ऐकतो आणि मदतीला धावतो. “काका, फुकट मिळतं ते. एका मिनिटात उतरवून देतो.” दोघांच्याही हेतूत खोट नाही. तथापि दोघांच्याही सल्ल्यात एकेक गोष्ट अध्याहृत आहे, आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे.

मुलीच्या मनातील भीती निराधार नव्हती. २०१० साली अमेरिकेत ‘फायरशीप’ नावाची एक लहानशी करामत प्रसिद्ध झाली. चहागृहात बसलेल्या कोणाही माणसाला शेजाऱ्याच्या फेसबुक खात्यात तीमुळे सहज शिरता येऊ लागले. त्या काळी पुष्कळ संकेतस्थळे संकेतशब्द विचारण्यापुरतेच कुलूप लावीत आणि पुढचे सारे बोलणे उघड्यावर करीत. या प्रकाराने मोठ्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या, आणि येत्या काही वर्षांत आरंभापासून शेवटापर्यंत कुलूपबंद बोलणे हा जगाचा सर्वसामान्य रिवाज झाला. बँका तर त्याच्या आधीपासूनच हे करीत होत्या. म्हणजे ज्या रस्त्यावर पूर्वी खरोखरच वाटमारी होत होती त्या रस्त्याची ख्याती मागे उरली आहे. रस्ता मात्र पुष्कळ बदलला आहे.

हे कुलूप म्हणजे काय, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्यात मनुष्याच्या बुद्धीचा एक विलक्षण विजय आहे. शिक्षकाचा फोन आणि बँकेचे यंत्र यांची पूर्वी कधी गाठ पडलेली नाही. त्यांच्यापाशी आधी ठरलेली किल्ली नाही. जे काही बोलावयाचे ते चारचौघांच्या देखत. अशा स्थितीत दोघांनी एक गुपित ठरवावे आणि ऐकणाऱ्या कोणालाही ते कळू नये, हे अशक्यच वाटते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी ते शक्य असल्याचे जाहीरपणे दाखवून दिले. कोल्हापूरच्या माणसाला हे मसाल्याच्या दृष्टांताने चटकन समजावे. दोन सुगरणी सर्वांसमोर एकच साधा मसाला घेतात. प्रत्येकजण आपापला गुप्त जिन्नस त्यात कुटून ते मिश्रण दुसरीकडे उघडपणे धाडते. आलेल्या मिश्रणात प्रत्येकजण पुन्हा आपला गुप्त जिन्नस घालते. दोघींच्या डब्यांत आता एकच मसाला तयार होतो. पाहणाऱ्याने तिन्ही मिश्रणे पाहिली, पण कुटलेला मसाला निवडून त्यातला जिन्नस वेगळा काढणे त्याच्या हातचे नाही. गणितात कुटणे सोपे असते आणि निवडणे जवळजवळ अशक्य. बस्स, एवढ्याच आधारावर जगातील बँकांचा सारा दूरस्थ व्यवहार उभा आहे.

नुसते गुप्त ठेवून मात्र भागत नाही. वाटेत कोणी अक्षर बदलले तर ते कळले पाहिजे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवीत, ती याचसाठी: येथे मजकूर संपला, यापुढे कोणी एक ओळ घुसडली तर ती बनावट समजावी. आजच्या कुलपातही प्रत्येक तुकड्यावर असाच एक गणिती शिक्का असतो. आणि तिसरी गोष्ट अशी, की पलीकडे खरोखर तीच बँक आहे की तिचे सोंग घेतलेला कोणी, याचे प्रमाणपत्र फोन स्वतः तपासून पाहतो. ते जुळले नाही तर पडद्यावर मोठा इशारा येतो. त्या इशाऱ्याखालचे ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबणारा मनुष्य आपल्या हाताने दार उघडतो. मग त्याला कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही.

आता व्हीपीएनकडे वळू. ही वस्तू मुळात बँकेच्या गिऱ्हाइकासाठी जन्मलीच नव्हती. गावोगाव फिरणाऱ्या नोकराला आपल्या कचेरीच्या आतील यंत्रांशी, जणू कचेरीतच बसल्याप्रमाणे, जोडून घेता यावे म्हणून १९९० नंतरच्या दशकात तिची योजना झाली, आणि त्या कामी ती आजही उत्तम आहे. तिचे कार्य एवढेच: फोनातून निघणारे प्रत्येक पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून व्हीपीएन कंपनीच्या यंत्रापर्यंत न्यावयाचे. तेथे बाहेरचे पाकीट फोडतात आणि आतले पाकीट पुढे बँकेकडे जाते.

शिक्षकाचे पाकीट आधीच कुलूपबंद आहे. लॉजच्या मालकाला वाटले तरी त्याला खाते क्रमांक, संकेतशब्द वा रक्कम यांपैकी काहीच वाचता येत नाही. फार तर अमुक खोलीतील पाहुणा अमुक बँकेशी सात वाजता बोलला, एवढे त्याला कळेल. व्हीपीएन लावले तर तेवढेही त्याला कळणार नाही. ते व्हीपीएन कंपनीला कळेल. म्हणजे अविश्वास नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता तेवढा बदलतो. पैसे घेऊन चोख सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि ज्याला वारंवार अनोळखी वायफाय वापरावे लागते त्याने अशी सेवा घेतली तर ती निरुपयोगी आहे असेही नाही. खोट्या नावाने उभारलेले वायफाय फोनला भलत्याच वाटेला लावू पाहते, तेव्हा तिचा थोडाबहुत उपयोग होतो. पण दुसऱ्या देशातील यंत्रामार्फत खात्यात शिरले, तर बँकेच्या पहारेकऱ्यालाच शंका येते आणि खातेदार बाहेर अडकून पडतो, हाही अनुभव पुष्कळांना येतो.

बेळगावच्या तरुणाचा सल्ला मात्र सरळ नाकारण्याजोगा आहे. ‘फुकट’ या शब्दापाशीच सावध व्हावे. २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतील व इतर शास्त्रज्ञांनी अँड्रॉइड फोनांवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासले. त्यांपैकी ३८ टक्क्यांत घातक प्रणालीच्या खुणा सापडल्या, आणि १८ टक्के तर पाकिटाला कुलूपच लावीत नव्हते. फेसबुकने २०१३ साली विकत घेतलेल्या ओनावो कंपनीचे व्हीपीएन ‘संरक्षण’ या नावाने लोकांना देण्यात येत होते, आणि लोक कोणते ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून मालकाकडे जात होती. ते २०१९ साली बंद झाले. त्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ साली मेटाच्या दोन उपकंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ज्याच्या भीतीने पहारेकरी नेमावा त्याहून पहारेकरीच अधिक जिज्ञासू निघावा, असा हा प्रकार.

मग चोर येतो कोठून? कधी तो बँकेच्या आतूनच वाट काढतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएमच्या मागणीला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत शिरकाव करून चोरांनी बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले. कोणा खातेदाराच्या वायफायशी त्याचा संबंध नव्हता. अशा वेळी गिऱ्हाइकाने काय करावे, हा प्रश्नच उद्भवत नाही.

पण बहुतेक वेळा चोर दारातूनच येतो, आणि दार घरचा मनुष्य उघडतो. ‘आपले केवायसी आज रात्री संपते’, ‘आपल्या नावाच्या पुड्यात अमली पदार्थ सापडले’ असा फोन येतो. एखादी एपीके फाइल लग्नपत्रिकेचे रूप घेऊन व्हॉट्सॲपवर येते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावे लागले, की ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. विजापूरच्या एका गृहस्थाशी झालेले अशा भामट्याचे संभाषणच त्या भाषणात ऐकवण्यात आले. त्या संभाषणाच्या वाटेवर हजार कुलपे घातली असती तरी काय उपयोग होता? कुलूप बोलणे सुरक्षित नेते. बोलणारा भामटा आहे की सज्जन, हे ते सांगत नाही. लोक पत्त्याशेजारचे कुलूप पाहून ते स्थळच विश्वासार्ह मानतात, हे ध्यानात आल्यावर गूगलने २०२३ साली आपल्या क्रोममधून ते चिन्ह काढून टाकले. कुलूप आज चोराच्या स्थळालाही फुकट मिळते. म्हणूनच बँकांनी आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव प्रांतात हलवावेत असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ साली दिला आणि ३१ ऑक्टोबर ही मुदत घातली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने व्हीपीएनपेक्षा ही सुधारणा कितीतरी अधिक मोलाची आहे, आणि तिचा गाजावाजा मात्र फार थोडा झाला.

या साऱ्याला पैशाच्या हिशेबाचीही एक बाजू आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले, की दोष ना बँकेचा ना खातेदाराचा, तर अन्य कोठे असेल, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली असेल, तर नुकसानीचा बोजा खातेदारावर पडत नाही. पण संकेतशब्द वा ओटीपी आपणच दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. वायफायच्या चोराला भिऊन व्हीपीएन लावणारा मनुष्य दुसऱ्याच क्षणी फोनवरील गोड आवाजाला सहा आकडे वाचून दाखवतो, तेव्हा जेथे कायदा त्याच्या पाठीशी उभा राहिला असता तेथून तो स्वतः बाहेर पाऊल टाकतो. उभ्या जन्माची पुंजी कोणाच्या माथी बुडावयाची, याचा निर्णय त्या सहा आकड्यांवर होतो. तसे घडलेच, तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी अडवता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच अधिक असते.

तेव्हा लॉजमधील शिक्षकाने त्या संध्याकाळी काय करावे? वायफाय बंद करावे आणि आपल्याच सिमकार्डावरील इंटरनेट वापरावे. त्याला दमडीचाही अधिक खर्च नाही. बँकेचे ॲप पूर्वी घरी बसून अधिकृत ठिकाणाहून घेतलेले असावे. शुल्क भरावे, पावती जपून ठेवावी. मुलीला उलट फोन करून सांगावे, की तिच्या कचेरीचे व्हीपीएन तिच्या कामासाठी ठीक आहे, त्याला त्याची गरज पडली नाही. बेळगावच्या तरुणाला चहा पाजावा, पण फोन त्याच्या हाती देऊ नये. आणि सवारी निघण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला जागा धरावयाची असेल, तर यापेक्षा अधिक वेळ त्या पडद्यापुढे बसू नये.