उत्तर एक, वाटा दोन
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



सातवीत असताना मी २ × (३ + ४) हे उदाहरण दोनने दोन्ही आकड्यांना गुणून सोडवले. ६ आणि ८, बेरीज १४. उत्तर बरोबर होते. पण 'आधी कंस सोडवा' हा नियम मोडला म्हणून मास्तरांनी शून्य दिले. त्या शून्याचा उलगडा मला फार पुढे झाला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

आरंभ नवव्या शतकातील बगदादपासून करावा लागेल. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी वारसाची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी अशा व्यवहारांसाठी बीजगणिताचा ग्रंथ लिहिला. 'अल-जब्र' म्हणजे वजा राशी दुसऱ्या बाजूस अधिक करून नेणे. 'मुकाबला' म्हणजे दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी परस्परांत वळत्या करणे. त्यांचेच उदाहरण घ्या: एक वर्ग बरोबर ४० मुळे वजा ४ वर्ग. जब्र केले की ५ वर्ग बरोबर ४० मुळे, म्हणजे एक वर्ग बरोबर ८ मुळे, म्हणून मूळ ८. त्यांनी आपली समीकरणे अशा रीतीने सहा ठराविक रूपांत आणली. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

संगणकशास्त्रात या कामाला 'टर्म रिरायटिंग', म्हणजे पदांचे पुनर्लेखन म्हणतात. नियमाच्या डाव्या बाजूचा नमुना दिसला की त्याजागी उजवी बाजू लिहायची. एकही नियम लागेनासा झाला की थांबायचे. उरते ते अंतिम रूप.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, हे काम थांबेल काय? 'अ + ब च्या जागी ब + अ लिहा' असा नियम केला तर कधीच थांबणार नाही. कोणतीही नियमावली दिली असता ती थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हेही सिद्ध झाले आहे. दुसरा प्रश्न, नियम वेगवेगळ्या क्रमाने लावले तरी शेवट एकच होईल काय? चर्च आणि रॉसर यांनी १९३६ मध्ये एका महत्त्वाच्या पद्धतीबद्दल याचे उत्तर 'होय' असे सिद्ध केले. १९४२ मध्ये न्यूमन यांनी दाखवले की, काम नेहमी थांबत असेल आणि एका पावलावर फुटलेल्या कोणत्याही दोन वाटा पुढे मिळत असतील, तर अंतिम रूप एकच असते. १९७० मध्ये क्नूथ आणि बेंडिक्स यांनी ही तपासणी यंत्राकडून करवून घेण्याची रीत दिली.

आता माझे उदाहरण झाडासारखे काढा. मुळाशी गुणाकार, त्याला दोन फांद्या, एकीवर २ आणि दुसरीवर बेरीज, बेरजेच्या फांद्यांवर ३ व ४ ही पाने. 'ट्री ऑटोमॅटन' हे कल्पित यंत्र पानांपासून मुळाकडे येते आणि प्रत्येक ठिकाणी ठराविक खुणांपैकी एक खूण ठेवते. समजा खुणा दोनच आहेत, सम आणि विषम. ३ विषम, ४ सम, म्हणून बेरीज विषम. तिला सम २ ने गुणले, म्हणून मुळाशी सम. उत्तर न काढताच ते सम आहे हे कळले! १९६० च्या दशकात थॅचर व राइट यांनी, तसेच डोनर यांनी या यंत्रांचा पाया घातला. आज संगणकातील मजकुराची रचना नियमाला धरून आहे की नाही, हे तपासताना ही कल्पना उपयोगी पडते.

आता त्या शून्याकडे वळू. माझी वाट आणि मास्तरांची वाट एकाच ठिकाणी मिळत होती, कारण गुणाकार बेरजेवर वाटला जातो. परंतु हे कारण त्या दिवशी मला सांगता आले नाही, आणि मास्तरांनी ते विचारले नाही. चूक दोघांचीही होती. प्रत्येक वेगळी वाट बरोबर असतेच असे नाही. पण ती तपासल्याशिवाय चूक ठरवणे हा अन्याय आहे. त्या शून्यानंतर कित्येक वर्षे मी वहीत नवी रीत लिहायला घाबरत होतो.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, वाट बदला, पण कोणत्या नियमाने गेलात ते सांगता आले पाहिजे. आणि शिक्षक-पालकांना विनंती करतो, मुलगा वा मुलगी वही घेऊन आली की 'गुण किती?' च्या आधी 'कसे केलेस?' एवढे विचारा.