दुधाच्या दातांनी दिलेली साक्ष



प्रवरेकाठच्या बेलापुरात स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. रेल्वेने आलेल्यांची जरा फसगत झाली असेल. बेलापूर नावाचे स्टेशन आहे श्रीरामपुरात. जेवण मात्र इथेच आहे, निश्चिंत असा.

शिक्षकांच्या परिषदेत शिशाचा विषय कशाला, असे काहींनी विचारले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतले शिसे मोजले. कोणाच्या दातात किती शिसे, हे वर्गशिक्षकांना ठाऊक नव्हते. तरी जास्त शिसेवाल्या मुलांबद्दल त्यांचे शेरे जुळले : लक्ष लागत नाही, हाती घेतलेले काम पुरे करत नाही, साध्या सूचना पाळता येत नाहीत. आपल्या प्रगतिपुस्तकांत हेच शेरे आपण किती सहज लिहितो!

शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. मुंबईतल्या मुलांच्या रक्तातले शिसे त्यानंतर बरेच उतरले. पण संपले नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ते चिंताजनक प्रमाणात असल्याचा अंदाज दिला. ते येते जुन्या रंगाच्या पोपड्यांतून, अंगणात फोडलेल्या बॅटरीतून, भंगार वितळवून ओतलेल्या पातेल्यातून, भेसळीच्या हळदीतून, सुरम्यातून. खेडे म्हणून यातले काहीच वेशीबाहेर थांबत नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते, आणि लोह कमी असेल तर अधिकच घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयाची निघाली. माझ्या मते आपली खरी अडचण इथे आहे. आणि उपाय आधीच हवा : औषधाने रक्तातले शिसे उतरवता येते, पण शिशाने गेलेली बुद्धी परत आणता येत नाही.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणे आहे. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा फिकट दिसणाऱ्या आणि अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांच्या रक्तातले शिसेही तपासले जावे आणि पोषण आहाराची हळद व भांडी पारखून घ्यावीत, असा ठराव परिषदेने आजच्याच सत्रात मांडावा.